आभारप्रदर्शन

शेवंताआक्का. माझी थोरली बहीण. सिन्नरला विड्या वळते. मी बी.ए. झालो तो तिच्यामुळे. माझ्यावर कुणाकुणाचे उपकार आहेत ते मला आयुष्यभर पुष्कळांनी ऐकवलं. त्यांत हे नाव कुणीच घेतलं नाही. म्हणून ते आधी लिहितो.

आता ओगराळ्याचं सांगतो.

नाशकातल्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पूरग्रस्तांची पंगत बसली होती. बाजारपेठेतली कुटुंबं. खाली सतरंज्या, पुढे पत्रावळी. मी त्या शाळेत मराठी शिकवायचो. मदतीला म्हणून आलो होतो, मोठ्या पातेल्यातून खिचडी वाढत होतो. दोन पानांवर वाढली. तिसऱ्या पानावर बसलेल्या बाईने पानावर हात आडवा धरला. मला वाटलं, तिला पुरे असेल. मी म्हणालो, "घ्या ना मावशी, गरम आहे." ती वर बघेना. हात काढीना. तिच्या शेजारच्या माणसाने आपलं पान मागे ओढून घेतलं.

मागून नानासाहेब आले. आमच्या संस्थेचे चिटणीस. त्यांनी माझ्या हातातलं ओगराळं काढून घेतलं. हिसकावलं नाही. हळूच. लहान पोराच्या हातातून कात्री काढून घेतात तसं.

"मास्तर, तुम्ही तुमच्या माणसांकडे बघा."

माझी माणसं मैदानात होती. चिंचेच्या झाडाखाली, डोक्यावर गोणपाटं घेऊन. त्यांना सतरंजी नव्हती. पंगत उठल्यावर उरलेलं त्यांच्याकडे जाणार होतं. त्यांत माझा बाप होता, आबा.

मी नानासाहेबांना "थँक्यू" म्हणालो. ओगराळं काढून घेणाऱ्या माणसाला थँक्यू. तोंडातून आपोआप निघालं. सवयच तशी होती.

ही सवय मला शाळेने लावली. मी सिन्नरला आक्काकडे राहून शिकलो. आई लहानपणीच गेली. आक्काचं लग्न झालं तेव्हा तिने सासरच्यांना एकच अट घातली. भाऊ बरोबर येईल. ती दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायची, टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरायची, दोरा बांधायची. मी तिच्यासमोर बसून धडे वाचायचो. तिला वाचता येत नव्हतं, पण मी अडखळलो की तिचा हात थांबायचा. "पुन्यांदा वाच," म्हणायची. तंबाखूने तिला खोकला लागला. तो अजून आहे.

शाळेत मात्र मला दर पंधरा ऑगस्टला उभं करून सांगायचे, की सरकारचे आभार मान, गुरुजींचे मान, ज्यांनी जुने कपडे दिले त्या शेटजींचे मान. मी मानायचो. खरंच मानायचो. मनापासून.

नाशकात नोकरी लागल्यावर तेच काम मोठ्या पातळीवर आलं. शाळेत कुठलाही कार्यक्रम असो, स्वागत हेडमास्तर करायचे, प्रास्ताविक नानासाहेबांचं, आणि आभारप्रदर्शन माझ्याकडे. तीन वर्षं. माईकवाल्यापासून हार करून देणाऱ्या माळ्यापर्यंत सगळ्यांचे मी आभार मानायचो. लोक टाळ्या वाजवायचे. "मास्तर आभार फार सुरेख मानतात," असं नानासाहेब पाहुण्यांना सांगायचे. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना कपात चहा यायचा. माझा काचेचा ग्लास होता. खिडकीत वेगळा ठेवलेला. मी तो स्वतः विसळायचो. मला ते खुपायचं, पण मी मनाला सांगायचो की नोकरी अजून टेंपररी आहे. कायम झालो की बघू.

आमची वस्ती नदीच्या खालच्या अंगाला, टाकळीकडे जाणाऱ्या वाटेवर. आबा सिन्नर तालुक्यातलं गाव सोडून तिथे आला होता. गावात त्याच्याकडे मेलेली गुरं ओढायचं काम होतं. धर्म बदलला त्या दिवशी गावातल्या आमच्या सगळ्या पुरुषांनी ते काम सोडलं. आबाने गुरं ओढायचा दोर नेऊन देवनदीत टाकला. ही गोष्ट तो मला अनेकदा सांगायचा. दर वेळी दोर टाकताना हात कसा फिरवला ते उभा राहून दाखवायचा. गावाने मग पाणी तोडलं, काम तोडलं. आबा नाशकात येऊन बांधकामावर रेती वाहू लागला. पण दोराला पुन्हा हात लावला नाही. त्याच्याजवळ मोठं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

नाशकात पूर फुटांनी मोजत नाहीत. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे, त्याच्यावरून मोजतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. कमरेच्या वर गेलं की बाजारातले दुकानदार माल माळ्यावर चढवतात. पोरंबाळं छत्र्या घेऊन, कणसं खात पूर बघायला पुलावर येतात. आमच्या वस्तीत मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की चुली विझतात. पण गुडघ्याएवढ्या पाण्याला गावात कुणी पूर म्हणत नाही. त्या वर्षी दुकानदार बुडाले म्हणून शाळेत जेवण सुरू झालं. आधीच्या वर्षांत आम्हीच बुडायचो, तेव्हा कुणी चूल मांडली नव्हती.

शेजारची कौसाबाई म्हणायची, "मारुतीला थंडी वाजली की पूर, आन् आमची चूल वाहिली की नुसतं पाणी!"

तरी आम्हीही मारुतीवरच भरवसा ठेवायचो. पावसाळ्यात वस्तीतलं कुणीतरी रोज सकाळी जाऊन मारुती बघून यायचं. त्या दिवशी आबाची पाळी होती. मी शाळेला निघालो तेव्हा तो परत आला होता. भिजलेलं धोतर पिळत त्याने दारातूनच सगळ्यांना ओरडून सांगितलं, "पाणी घोट्याला हाय. आज काय येत नाय. भाकऱ्या थापा." बायकांनी चुली पेटवल्या. गोधड्या, भांडी, काही हलवलं नाही.

पाणी समोरून आलं नाही. मागून आलं. गोदावरी फुगली की तिला मिळणाऱ्या नासर्डी नदीचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं फिरतं. ते आमच्या पाठीमागच्या नाल्यातून वस्तीत शिरलं. नासर्डीच्या बाजूला मारुती नाही. तिकडे कुणी बघतच नव्हतं. धरणाचं पाणी सोडल्यावर मग समोरूनही आलं आणि दुपारपर्यंत मारुती गळ्यापर्यंत बुडाला. तेव्हा कुठे गावात पूर आला.

कौसाबाईचा म्हातारा खाटेवर होता. त्याला उठता यायचं नाही. खाट नंतर बाभळीत अडकलेली सापडली. म्हातारा सापडला नाही.

आबा चिंचेखाली बसून आपल्या घोट्याकडे बघायचा. कौसाबाई त्याला एवढंच म्हणाली, "भाऊ, तुमी मारुती बघितला. त्यो बी काय करील? त्याचं तोंड दोनीकडं हाय, पर आमच्याकडं एक बी नाय." ती हसली. तिच्या हसण्याने आबा आणखी खचला.

ओगराळं काढून घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. बाजारातलं पाणी उतरलं होतं. समोर खुर्ची होती. "बसा," म्हणाले. चहा आला. कपबशीत. शाळेत मला कपबशीत मिळालेला तो पहिला चहा.

"मास्तर, अडचण आहे. गवळ्यांच्या म्हशी दावणीला बांधलेल्या होत्या, त्या मेल्या. काही आमच्या गल्लीत वाहून आल्यात. वास सुटलाय. नगरपालिकेची माणसं पुरत नाहीत."

मी उचललेला कप परत बशीत ठेवला.

"तुमची मंडळी इथे बसूनच आहे. त्यांना काम ठाऊक आहे. पिढीजात. तुमच्या शब्दाला तिथे मान आहे, तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "नानासाहेब, ते काम आम्ही सोडलंय."

"अहो, संकटात कसलं सोडलं न् धरलं! माणुसकी म्हणून."

"माणुसकी म्हणून सगळ्यांनी मिळून ओढू या. मीही येतो. तुम्हीही या."

ते हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "मास्तर, तुम्ही विनोदी आहात. बघा, दिवाळीच्या आत तुमचं कायमचं करून टाकायचं माझ्या मनात आहे. आणि दुपारचं जेवण काम झाल्यावर ठेवू या. बसून खाणं कुणालाच बरं नाही."

"मी सांगणार नाही," म्हणालो. माझा आवाज बारीक निघाला. पण निघाला. चहा तसाच ठेवून उठलो.

मैदानात आलो तेव्हा उशीर झाला होता. नानासाहेबांचा माणूस माझ्या आधीच तिथे गेला होता. माझी नोकरी कायम होणार आहे आणि ती कशावर अडली आहे, हे त्याने सगळ्यांदेखत आबाला सांगितलं होतं. आबा उभा होता. त्याच्या खांद्यावर दोर होता. मी तो ओळखला. आमच्या शाळेचा रस्सीखेचीचा दोर. दर क्रीडासप्ताहात मुलं तो ओढायची.

"आबा, दोर खाली ठेव."

"तू बोलू नको. तू मास्तर हायेस."

"आबा, मी नाही म्हणून आलोय."

"मी हो म्हनलंय." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "एवढी एक येळ. तू पर्मनंट हो. शेवंतानं छाती जाळून घेतली ती काय वाया घालवायची?"

मी दोराला हात घातला. तो सोडीना. सगळे बघत होते. बापलेकांची रस्सीखेच. मग मीच सोडला. का सोडला? त्याच्या डोळ्यांत जे होतं ते बघून सोडला. तिथे राग नव्हता, लाजही नव्हती. तो मारुती बघून आला होता, त्याची भरपाई करत होता. वस्तीची आणि माझी, दोन्ही एकाच दोराने.

आबाच्या मागे आणखी काही जण गेले. पोरांना भूक होती. मी त्यांना नावं ठेवत नाही.

गल्लीच्या तोंडाशी लोक नाकाला पदर, रुमाल लावून ओट्यांवर उभे होते. म्हैस फुगली होती. चिखलात आबाचा पाय घसरत होता. वरून कुणीतरी म्हणालं, "जरा हळू, भिंतीला घासेल." म्हशीला नव्हे. भिंतीला. माझ्या वर्गातला एक मुलगा ओट्यावर होता. त्याने विचारलं, "सर, ते कोण आहेत?"

"माझे वडील."

त्याच्या आईने त्याला आत ओढलं.

त्या दुपारी जेवण मिळालं. आबा जेवला नाही. दोर शाळेत परत द्यायला गेला, तर शिपायाने दारातच थांबवलं. "आता तो इथे कशाला आणता? मुलं हात लावतात त्याला. तुमच्याकडेच ठेवा." आबाने तो परत आणला. कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. घर नव्हतं. तो उशाला घेऊन झोपला.

बाजार धुऊन झाला. दुकानं उघडली. शाळेतली चूल बंद झाली. पूर संपला. आमच्या वस्तीत अजून गुडघ्याएवढा गाळ होता, पण मारुती कोरडा झाला होता.

मग कार्यक्रम ठरला. पूरग्रस्तांना भांडीवाटप. मंडप, पाहुणे, फोटोवाला. नानासाहेब मला म्हणाले, "मास्तर, झालं गेलं विसरा. तुमची ऑर्डर सही होऊन आलीय. आभारप्रदर्शन झालं की घेऊन जा." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. कायम होणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवायला हरकत नसावी.

आमच्या माणसांना एकेक करून वर बोलावलं. एक पातेलं, एक तांब्या. देणाऱ्याने पातेलं दोन बोटांनी धरायचं, घेणाऱ्याने खालून झेलायचं. फोटो. कौसाबाई वर गेली. पाहुणे म्हणाले, "आजी, हसा." ती म्हणाली, "म्हाताऱ्याला सापडवा, मंग हसते." पुढच्या रांगेतले लोक तिच्या बोलण्याला हसले. त्यांना गंमत वाटली.

आबा पुढे बसला होता. धुतलेला सदरा. तो माझ्याकडे बघत होता. आयुष्यात प्रथमच तो माझं भाषण ऐकणार होता.

माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर गेलो. सवयीने हात जोडले गेले. मग मी ते सोडवले.

मी म्हणालो, "आज मी आभार मानणार नाही. या गल्लीतल्या म्हशी माझ्या वडिलांनी ओढल्या. त्यांच्या जेवणावर अट घालून त्या ओढून घेतल्या. म्हशी सापडल्या. कौसाबाईचा माणूस कुणी शोधलाच नाही. या कार्यक्रमात आभार मानायचेच असतील तर ते तुम्ही मानायला हवेत. आम्हाला नकोत तेही."

एवढंच. जास्त बोलता आलं नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. मागे कुणीतरी "बंद करा तो माईक" म्हणालं. तो आधीच बंद झाला होता. कधी झाला, मी किती बोललेलं लोकांनी ऐकलं, मला आजही माहीत नाही.

मी खाली उतरलो. आमची माणसं पातेली घेऊन बसलेली होती. त्यांच्यातलंही कुणी उठलं नाही. एक जण हळूच म्हणाला, "आता हे बी काढून घेतील." त्याने पातेलं धोतराखाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात शिपायाने सांगितलं की मला यायची गरज नाही. वस्तीत येऊन आबाला सांगितलं. आबा म्हणाला, "मंग मी कशापाई वढलं?"

त्यानंतर आबा बरेच पावसाळे जगला. माझ्याशी बोलायचा. पाणी दे, दार लाव, एवढंच. देवनदीत दोर टाकल्याची गोष्ट त्याने पुन्हा कधी सांगितली नाही.

मला पुढे नाशकातच अंबडला एका कारखान्यात काम मिळालं. हजेरी घेतो. वस्ती नदीकाठी होती तिथेच आहे. आम्ही अजून दर दोनतीन वर्षांनी बुडतो.

कार्यक्रम झाला त्याच आठवड्यात मी आक्काला पत्र लिहिलं होतं. मागच्या दिवाळीला सिन्नरला गेलो तेव्हा तिने ते तंबाखूच्या डब्यातून काढून दाखवलं. तेच खाली उतरवतो.

प्रिय आक्कास,

जयभीम.

हे पत्र जी कुणी वाचून दाखवेल तिने सगळं वाचावं. आक्काला वाईट वाटेल म्हणून एकही ओळ गाळू नये. आक्का, ती अडखळली तर तू पुन्यांदा वाच म्हण.

माझी नोकरी गेली. आबा तुला निरोप धाडील की पोराने हातची घालवली. ते खरं आहे. त्यांनी काढली, पण घालवली मी. आबाने माझ्यासाठी म्हशी ओढल्या. हेही खरं आहे. त्याचा निरोप आणणारा हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

आबाने ओढलं ते मी वाया घालवलं असं तो समजतो. त्याची समजूत काढता येईल असं मला वाटत नाही. तूही काढायला येऊ नकोस. ती निघणारी नाही. मी ऑर्डर घेतली असती तर रोज शाळेत जाताना त्या गल्लीतून गेलो असतो आणि रोज त्या म्हशीवर पाय देऊन वर चढलो असतो.

घर पुन्हा तिथेच बांधतोय. दुसरीकडे जागा कोण देतो? नासर्डीच्या बाजूला नाल्यातल्या खडकावर मी तांबड्या रंगाने रेघ ओढली आहे. तिथे पाणी लागलं की उठायचं, असं सगळ्यांना सांगितलंय. काही जण हसले. म्हणाले, उठून जायचं कुठे? पण यापुढे मारुती बघायला आमच्यातलं कुणी जाणार नाही. आमचं पाणी आम्ही मोजू.

तू मला सिन्नरच्या स्टँडवर सोडायला आलीस तेव्हा म्हणाली होतीस, शीक, मोठा हो आणि लोकांचे उपकार विसरू नको. पहिलं केलं. दुसरं जमलं नाही. तिसरं मी करणार नाही. माझ्यावर उपकार फक्त तुझे आहेत आणि तू ते कधी बोलून दाखवले नाहीस. बाकी ज्यांनी दाखवले त्यांची सगळ्यांची नावं मी आजपासून खोडली.

आबाच्या उशाचा दोर मी काढून घेतला आहे. नदीत टाकलेला नाही. आबाने एकदा टाकून बघितला, तो फिरून त्याच्याच हातात आला. म्हणून मी टाकणार नाही. नवीन घराला पहिली खुंटी ठोकली, तिच्यावर तो टांगलाय. दारातून येणाऱ्याला समोर दिसेल असा. उद्या कुणी पातेलं घेऊन आलं आणि म्हणालं, आभार माना, तर त्याच्या हातात तो देईन. म्हणेन, आधी हा धरा. ओढा. मग बोलू.

तुझा भाऊ